पिवळं गेल्यावर सोडायचं पाणी

घरात माशांची काचपेटी ठेवली की मन शांत होतं, असं ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितलं त्याला मी महिनाभर आमच्या घरी राहायला बोलावणार आहे. जेवण-खाण माझ्याकडे. फक्त त्यानं सकाळी उठून पेटीकडे बघायचं, दिवसभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि संध्याकाळी माझ्या बायकोसमोर उभं राहून पाण्याचा हिशेब द्यायचा. मग बघू त्याचं मन किती शांत राहतं ते.

आमचं गाव मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा फॉर्म, झेरॉक्स. त्यामुळे गावातला जवळपास प्रत्येक माणूस कधी ना कधी माझ्या टेबलासमोर येऊन बसतो आणि सर्व्हर चालू होईपर्यंत इकडेतिकडे बघत राहतो. पेटी मी नेमकी त्याच खोलीत ठेवली. ही पहिली चूक.

पण पेटी आली कशासाठी, ते आधी सांगितलं पाहिजे. माझे बाबा गावचे पाणीवाले होते. ग्रामपंचायतीच्या उंच टाकीत पाणी चढवायचं, त्यात टीसीएल टाकायची आणि पाळीपाळीनं एकेका आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा, हे काम त्यांनी मिशी फुटल्यापासून ती पांढरी होईपर्यंत केलं. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ती पांढरी, नाकात झोंबणारी पावडर. ती टाकून काम संपत नसे. गावातल्या अगदी शेवटच्या घरच्या नळाचं पाणी ते एका काचेच्या नळीत घ्यायचे आणि त्यात ओटी नावाच्या औषधाचे दोन-चार थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की पावडर शेवटच्या घरापर्यंत पोचली, लोकांनी बिनधास्त प्यावं. नाही झालं की बाबा सायकल वळवून परत टाकीवर. बाजूच्या गावांत कधी हगवणीची साथ यायची, कधी कावीळ यायची. आमच्या गावात बाबांच्या पाण्यानं कुणी आजारी पडल्याचं मला आठवत नाही. या एका गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता की घरात कुणाला साधी सर्दी झाली तरी ते आधी ‘पानी कुठलं पेलं?’ असं विचारायचे.

रिटायर झाल्यावर दोनेक वर्षांनी त्यांचं डोकं हळूहळू मागं राहायला लागलं. आधी चष्मा, चप्पल, मग माणसांची नावं. मला तर ते कधी कधी ग्रामसेवक समजायचे. मी टेबलामागं बसलेला, समोर कॉम्प्युटर, हाताशी शिक्के. ते दारात येऊन अदबीनं विचारायचे, ‘साहेब, दफ्तर पाहता काय?’ सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर नंतर चीड यायची, कारण स्वतःच्या बापानं आपल्याला साहेब म्हटलं की काय उत्तर द्यायचं हे कुठं शिकवलेलं नसतं.

सगळं विसरले, पण पाण्याची वेळ विसरले नाहीत. फटफटायच्या आत उठायचे, खाकी शर्ट घालायचे आणि थेट टाकीकडे. तिथला नवा माणूस बरा आहे. त्यानं दोनदा त्यांना चहा पाजून हाताला धरून घरी आणून सोडलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

‘दादा, बाबा अर्ध्या शिडीवर होते,’ तो म्हणाला. ‘मी खालून गोड बोलून उतरोलं. पुढच्या टायमाले मी तठी नसलो त?’

टाकीची शिडी लोखंडी, सरळ उभी, गंजलेली. बाबांचं वय सत्तरीकडे झुकलेलं. मला जे कळायचं ते कळलं. सरपंचांनी चांगल्या शब्दांत सांगितलं की सकाळी बाहेरून कडी लावत जा. मी एक दिवस लावली. बाबा आतून दार ठोठावत होते आणि काकुळतीनं म्हणत होते, ‘दार उघड बे, पानी लेट होऊन राह्यलं, लोकं गुंड-बादल्या घेऊन उभे हाय.’ मी दाराबाहेर उभा राहून ते ऐकलं. पुन्हा कडी लावायची हिंमत झाली नाही.

मेहकरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, यांना घरातच एखादं ओळखीचं काम द्या, पाय घरात टिकतील. बायको म्हणाली, ‘बकरी आना.’ आता वाटतं, आणायला पाहिजे होती. पण माझ्या मोबाइलवर तेव्हा रोज कुणीतरी काचपेटीत हिरवंगार जंगल उभं करून दाखवत होता. पाण्यात डोलणारी झाडं, त्यातून सुळकन जाणारे मासे. बाबा पाण्यातला माणूस, त्यांना घरातच पाणी आणून द्यावं, असं मी सगळ्यांना पटवून दिलं. खरं सांगायचं तर पेटी मला हवी होती, लहानपणापासून हवी होती. बाबांचं निमित्त झालं. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही, पण तिला माहीत असणार.

चिखलीच्या दुकानदारानं पेटी, दिवा, फिल्टर आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली झाडं दिली. लांब पात्यांची गवतासारखी एक जात आणि दगडाला दोऱ्यानं बांधायची जाड पानांची एक. वर एक अट घातली. ‘पाणी पिकू द्या,’ तो म्हणाला. ‘महिना-दीड महिना नुसती झाडं ठेवा. पाण्यात, मातीत बारीक जीव तयार होतात, तेच माशांची घाण पचवतात. ते व्हायच्या आधी मासे टाकले तर मरतील.’ मी मान डोलावली. दीड महिना म्हणजे किती दिवस असतात हे मला त्या वेळी नीट माहीत नव्हतं.

झाडांसाठी बुडाशी माती लागते. ती मी आमच्याच शेतातली आणली, चाळली, खडे वेचले. तिच्यावर नदीची रेती घालायची, आणि ती धुऊन घ्यायची. रेती धुणं हे काय प्रकरण आहे ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. बादलीत हात घालून ढवळलं की पाणी चहासारखं, ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा चहा. आमच्या नळाला दर चौथ्या दिवशी पाणी येतं. बायको दारात उभी राहून एकेक बादली जाताना बघत होती.

‘एवढ्या पान्यात माह्या दोन गोधड्या निंगाल्या असत्या,’ ती म्हणाली.

‘एकदाच लागते हे.’

‘हाव. तुमचं सगळं एकदाच लागते.’

पैनगंगेतून काळे दगड आणले, ते उकळले. उकळायला बायकोचं मोठं पातेलं घेतलं, त्यावर वेगळं भांडण झालं. शेवटी सगळं रचून, ताटलीवरून हळूहळू पाणी सोडलं, तरी काळी माती वर आलीच. चार दिवस पेटीत नुसता गढूळ अंधार. दिवा लावला की गढूळ उजेड. ते पाणी काढलं, पुढच्या नळाला पुन्हा भरलं. तेव्हा कुठं झाडं दिसली, आणि त्यातली निम्मी वर तरंगत होती.

आणि मग माझी गिऱ्हाइकं सुरू झाली.

‘मासे कुठी हाय?’

‘यायचे हाय.’

‘मंग आता काय हाय याच्यात?’

‘झाडं.’

‘हे गवत?’

दिवसातून किती वेळा ते मी मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर दुकान बंद करावं लागलं असतं. एक काका पीकविम्याच्या फॉर्मसाठी आले होते. त्यांचं सोयाबीन तणानं खाल्लं होतं. त्यांनी पेटीला नाक लावून बराच वेळ पाहिलं आणि फार शांतपणे म्हणाले, ‘आमी निंदून निंदून कंबर मोडून घेऊन राह्यलो, अन् तू काच लावून, लाइट लावून गवत पाळतं. तुले काही कमी हाय काय बे?’ लोडशेडिंग झालं की फिल्टर बंद पडायचा, पाण्याला वास यायचा, मग तेच लोक नाकाला रुमाल लावून दाखले न्यायचे.

ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते बाबा पहिले दहा-बारा दिवस पेटीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. रोज सकाळी टाकीकडे, आणि मी मागं धावत. मी दात न घासता, पायात दोन वेगळ्या चपला घालून गावभर बापाच्या मागं पळतोय, हे दृश्य सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं. आणि मग काचेवर शेवाळ धरलं. आधी तपकिरी, मग हिरवं. नव्या पेटीत ते होतंच, दुकानदारानं सांगितलं होतं. पण बाबांनी ते पाहिलं.

ते जागच्या जागी थांबले. दुकानात दोन-तीन माणसं बसली होती, म्हणून ते माझ्या कानाशी आले आणि घरातली लाजिरवाणी गोष्ट सांगावी तसे हळू बोलले.

‘टाकीत शेवाळ धरलं बे.’

‘बाबा, ते चालते. ह्या टाकीत चालते.’

‘चालते?’ ते माझ्याकडे बघतच राहिले. ‘चालते म्हंते. साहेब आला त काय सांगशीन?’

माझी चूक तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती. या माणसानं उभं आयुष्य एका गोष्टीशी वैर धरलं होतं, आणि ती म्हणजे पाण्यातली हिरवळ. दर महिन्याला टाकीत उतरून, गुडघ्यावर बसून त्यांनी ती खरडून काढली होती. मी तीच घरात आणून, दिवा लावून, मुद्दाम वाढवत होतो. पण मी आपला खूश झालो. म्हटलं, बघितलं तर खरं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा टाकीकडे जायच्या आधी पेटीपाशी यायला लागले. मी उठून पाहायचो तर झाडं उपटून, झटकून, स्टुलावर ओळीनं वाळत घातलेली. मी ती पुन्हा चिमट्यानं लावायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टुलावर. मी समजावलं. मग ओरडलो. मग पेटीवर झाकण करून त्यावर वजन म्हणून झेरॉक्सच्या कागदांचे गठ्ठे ठेवले. ते गठ्ठे बाबांनी नीट उतरवून, एकावर एक रचून ठेवले आणि झाडं उपटली. कामात ते फार टापटीप होते. मी वैतागून बायकोला म्हटलं की मी ही पेटी विहिरीत फेकतो. ती म्हणाली, ‘फेका. पन धुतलेली रेती मले काढून द्या, अंगनात टाकता येईन.’

पण एक फरक पडला होता. झाडं उपटण्यात बाबांचा वेळ जायचा, आणि तोवर टाकीवरचा नवा माणूस पाणी सोडून मोकळा झालेला असायचा. कुठल्याही आळीत नळाला पाणी आल्याचा गलबला झाला की बाबा दारातूनच परत फिरायचे. मग त्यांनी उपटायचंही हळूहळू सोडलं. का ते कळलं नाही. विसरले असतील. एका सकाळी मला त्या लांब पात्यांच्या झाडाशेजारी मातीतून वर आलेलं नवं, पोपटी टोक दिसलं. झाडानं आमच्या शेतातल्या मातीत मूळ धरलं होतं. मला इतका आनंद झाला की समोर दाखल्यासाठी बसलेल्या माणसाला मी उठवून ते दाखवलं. तो म्हणाला, ‘माह्या दाखल्याचं पाहा ना भाऊ.’

दीड महिना संपला. चिखलीला जाऊन रंगीत मासे आणायचा माझा विचार होता, पण त्याच आठवड्यात आरोग्य खात्याच्या आशाताई डासांसाठी गप्पी मासे वाटत आल्या. हौदात सोडायला देतात ते, करंगळीच्या पेराएवढे. त्यांनी मूठभर पेटीत सोडून दिले. आणि बाबा खुर्ची ओढून समोर बसले.

‘हे त आपले गप्पी होय,’ ते म्हणाले. ‘मी सोडले होते ना हौदात.’

त्यांना आठवत होतं. कोणता हौद, कोणतं साल, कुणाच्या घरापाशी, सगळं. त्या दिवशी ते जेवायलाही खुर्चीवरच बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घातला आणि टाकीकडे न जाता पेटीसमोर येऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. मी दात घासून, एकाच जोडीच्या चपला घालून, आठवडाभर माणसासारखी सकाळ काढली. गिऱ्हाइकांनी विचारलं, मासे आले काय, तर मी नुसतं बोट दाखवायचो. मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतरच्या सोमवारी मला मेहकरला जावं लागलं. बायको दुपारी शेजारी पापड लाटायला गेली होती, तासाभरासाठी. मी परतलो तो दारातच वास आला. आमच्या गावात तो वास लहान पोरंसुद्धा ओळखतात.

पेटी लखलखत होती. काचेवर हिरव्याचा ठिपका नाही. दगड घासून काळेभोर केलेले, जाड पानांची झाडं उघडी-बोडकी, पाणी इतकं नितळ की पेटी रिकामी वाटावी. मासे वर तरंगत होते, सगळे. आणि बाबा अंघोळ करून, खाकी शर्ट घालून खुर्चीत बसले होते. हातात त्यांची जुनी काचेची नळी, तिच्यात हळदीसारखं पिवळं पाणी. किती महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं.

‘पाह्य,’ ते म्हणाले. ‘कसं पिवळं आलं.’

मी काय बोललो ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, ‘काय करून ठेवलं हे? कोन सांगतलं होतं तुमाले? तुमचं काम संपलं आता, बाबा. तुमचं पानी आता कोनी पेत नाई.’

त्यांनी नळीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग नळी जपून टेबलावर ठेवली आणि आत जाऊन खाटेवर पडले.

पावडर आली कुठून, हे विचारायला मी तणतणत टाकीवर गेलो. नव्या माणसानं कान धरले. बाबा मागं एकदा मागत होते, हटून बसले होते, म्हणून त्यानं चिमूटभर पुडी बांधून दिली होती. ‘म्हतारं मानूस हात पसरून उभं होतं, दादा,’ तो म्हणाला. ‘ज्यानं मले काम शिकोलं, त्याले नाई कसं म्हनू?’ त्याच्यावर ओरडायला गेलो होतो, तसाच घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं जागा झालो. बाबा खाटेवरच होते. शर्ट खुंटीला. तिसऱ्या दिवशीही तेच. नळाला पाणी आलं, घरात भांड्यांची धावपळ झाली, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चहा दिला तर घ्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. टाकीकडे जाणं थांबलं. शिडीची भीती गेली. डॉक्टर म्हणाले होते तसे पाय घरात टिकले होते. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि मला घरात बसवत नव्हतं.

‘बाबा काऊन उठत नाईत?’ मी बायकोला विचारलं. जणू तिला माहीत असायला हवं होतं.

ती पोळी लाटत होती. तिनं मान वर केली नाही. ‘तुमीच त सांगतलं त्याईले, काम संपलं म्हनून,’ ती म्हणाली. ‘बाकी सगळं विसरते मानूस. हे नाई विसरले.’

पेटी मी फेकणारच होतो. मेलेले मासे काढले, पाणी बाहेर ओतलं, झाडांचा लगदा काढायला मातीत हात घातला, तर त्या लांब पात्याच्या झाडाची मुळं अजून घट्ट होती. पानं गेली होती, कोंब हिरवा होता. मी तिथंच बसलो. मला त्या झाडाचा रागच आला. एवढं सगळं सोसून ते चिवटपणे उभं होतं आणि आता त्याला चांगलं पाणी देणं माझ्याकडे लागलं होतं. चांगलं म्हणजे ज्यात पावडरचा अंशही नाही असं. नळाचं पाणी उघड्या बादलीत दोन-तीन दिवस ठेवलं की पावडर उडून जाते, पण गेली की नाही हे कळायचं कसं?

हे ओळखणारा तालुक्यातला सगळ्यात जाणता माणूस माझ्या घरात भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला हे सुचायला तीन दिवस लागले.

मी टाकीवर जाऊन ओटीची नवी बाटली मागून आणली. या वेळी पुडी नको, असं बजावून सांगितलं. नळ आला तशी एक बादली भरून पेटीशेजारी ठेवली आणि नळी, बाटली घेऊन बाबांच्या खाटेपाशी गेलो. ‘बाबा, पानी चेक करा लागते.’ ते हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. बराच वेळ उभा राहिलो. शेवटी मी मुद्दाम नळी उलट्या हातानं धरली आणि पाण्याआधीच थेंब टाकायला लागलो. ते त्यांना बघवलं नाही. उठले, माझ्या हातातून नळी हिसकावली आणि म्हणाले, ‘असं असते काय बे?’

पाणी पिवळं झालं. फिकट, पण पिवळं.

‘बरोबर हाय,’ ते म्हणाले. ‘सोडून दे.’

‘नाई, बाबा. ह्या टाकीत पिवळं गेल्यावर सोडायचं. अजिबात पिवळं नाई पाह्यजे.’

‘येडा झाला काय? पिवळं नसलं त लोकं बिमार पडतीन.’

‘हे लोकाईचं नाई. हे मासे पेतात. त्याईले पिवळं चालत नाई.’

त्यांनी नळी हलवून पुन्हा पाहिली. मग हसले. ‘म्हंजे आपली ड्युटी उलटी झाली म्हना.’

तो सगळा संवाद आमच्यात तेव्हापासून दर वेळी होतो. शब्दाला शब्द. चौथ्या दिवशी नळ येतो, बादली भरते, बाबा थेंब टाकतात, पिवळं येतं, ते म्हणतात सोडून दे, मी म्हणतो नाही. मला दर वेळी वैताग येतो. चार गिऱ्हाइकं ताटकळत असतात, सर्व्हर नेमका तेव्हाच चालू झालेला असतो आणि मला पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं की लोक वेगळे आणि मासे वेगळे. कधी ते ऐकतात, कधी तावातावानं माझ्याशी भांडतात. एकदा तर त्यांनी दाखल्यासाठी आलेल्या एका शिक्षकांना साक्षीला घेतलं, आणि ते शिक्षक त्यांच्या बाजूनं बोलले. झाडाला पानं फुटली. दुसरे गप्पी आले. बाबा सकाळी शर्ट घालून पेटीशी येतात. आधी मासे बघतात, मग बादली.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. बादली तिसऱ्या दिवसाची होती. दुकानात कुणी नव्हतं. बाबांनी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, नळी उजेडाकडे धरली. पाणी पाण्यासारखंच राहिलं. ते माझ्या टेबलासमोर येऊन अदबीनं उभे राहिले. म्हणजे तो साहेबाचा दिवस होता.

‘साहेब, पिवळं गेलं. सोडू काय?’

‘सोडा.’

पण ते हलले नाहीत. नळी हातात फिरवत राहिले.

‘एक विचारू काय, साहेब? माहा पोऱ्या म्हने, तुमचं पानी आता कोनी पेत नाई. खरं हाय काय?’

मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिलो. त्यावर कुणाचा तरी सातबारा उघडा होता.

‘नाई,’ मी म्हटलं. ‘पेतात.’

‘सगळे?’

‘सगळे पेतात. तो खोटं बोलला.’

‘मले वाटलंच,’ बाबा म्हणाले. त्यांचा जीव मोकळा झालेला दिसला. मग एक पाऊल पुढं येऊन, कुणी ऐकत तर नाही ना असं पाहून, ते हळूच म्हणाले, ‘पन त्याले बोलू नका, साहेब. रागीट हाय जरासा. मनानं चांगला हाय.’

ते वळले. बादली स्टुलावर चढवली, तिच्यात रबरी नळी बुडवली, दुसरं टोक तोंडानं ओढून पेटीत सोडलं आणि पाणी पूर्ण उतरेपर्यंत तिथंच उभे राहिले. थोडं जमिनीवर सांडलं, माझ्या कागदांच्या गठ्ठ्यापर्यंत आलं. खालचे फॉर्म भिजले. मी ते खुर्चीच्या पाठीवर ओळीनं वाळत घातले.